खाली न्हाई पाणी : वडीगोद्रीच्या नावेचा अखेरचा रविवार

तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात एक खिडकी आहे. शिधापत्रिकेवर नाव वाढवणे आणि नाव कमी करणे ही दोन्ही कामे तेथेच होतात. माझे काम दुसऱ्या प्रकारचे होते. खिडकीपलीकडच्या तरुण कारकून बाईंनी पत्रिका उघडली, त्यावरची चार नावे पाहिली आणि विचारले, "यातलं कुणाचं कमी करायचं, काका?" मी एका नावावर बोट ठेवले. काचेतून त्यांना ते दिसले नसावे. "तोंडानं सांगा ना," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात त्रासिकपणा नव्हता, घाई होती. माझ्या मागे रांग होती. मृत्यूचा दाखला घरी राहिला आहे, असे सांगून मी पत्रिका परत घेतली आणि बाहेर आलो. दाखला माझ्या सदऱ्याच्या खिशातच होता.

बाहेर लिंबाच्या सावलीत बसलो असताना दुसऱ्या खिशातला फोन वाजला. मी दोन फोन बाळगतो. एक माझा आहे आणि दुसरा पत्नीचा. तिला जाऊन पाच महिने झाले. दोन्ही मुली सांगतात की तो क्रमांक आता बंद करा. मी तो रोज चार्जिंगला लावतो. 'नाववाले' नावाचा एक गट त्या फोनवर आहे. त्यावर निरोप आला होता : "येत्या रविवारी आपल्या नावेला निरोप. त्यानंतर नाव कायमची बंद. ज्याला यायचं त्यानं यावं. ज्याला यायचं न्हाई त्यानं मागून रडू नये."

या ब्लॉगवर आजवर मी जी पंधरा-वीस प्रवासवर्णने लिहिली, त्यांतल्या प्रत्येक प्रवासाचा निर्णय पत्नीने घेतला होता. मी वेळापत्रक पाहत असे. हा एक निर्णय माझा आहे.

नाव म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांना सांगणे आवश्यक आहे. जालन्याहून अंबडमार्गे वडीगोद्रीकडे जाताना, मोठा महामार्ग लागण्याच्या थोडे अलीकडे, मोसंबीच्या बागांना लागून एक जुने करमणूक उद्यान आहे. त्याला एक भारदस्त नाव आहे, पण फाटकावरची अक्षरे केव्हाच गळून पडली आणि लोक त्याला 'नावेचा बगीचा' म्हणतात. आत मुलांची ड्रॅगन गाडी, घोड्यांचे चक्र, एक आटलेला कारंजा आणि एक प्रचंड लोखंडी झुलते जहाज आहे. इतर शहरांत या खेळाला कोलंबस म्हणतात. आमच्या जिल्ह्यात हे नाव कोणी घेतले नाही. ती नाव आहे, एवढे पुरेसे होते.

तिच्या पायऱ्यांजवळ निळ्या रंगाची एक पाटी आहे : 'नावेत बसताना नाव घ्यावे.' उद्यानाचे जुने मालक धार्मिक वृत्तीचे होते. 'नावेत बसताना देवाचे नाव घ्यावे' असे लिहिण्यास त्यांनी पेंटरला सांगितले होते आणि पेंटर 'देवाचे' हा शब्द विसरला. मालक पाटी सुधारून घेणार, त्याआधीच अंबडच्या मत्स्योदरी देवीचे दर्शन करून परतणारे एक नवे जोडपे नावेत बसले. नवरीने पाटी वाचली. आपल्या भाषेत बाईने नाव घ्यावे म्हटले की त्याचा अर्थ एकच होतो. नाव उंच जाऊन क्षणभर थांबली, तेव्हा तिने उखाण्यात नवऱ्याचे नाव घेतले आणि सगळ्या नावेने टाळ्या वाजवल्या. मालकांनी पाटी तशीच ठेवली. ही कथा मी चार तऱ्हांनी ऐकली आहे. नवरी कोणत्या गावची, याबद्दल प्रत्येकाचे मत वेगळे आहे. विसरलेल्या शब्दाबद्दल मात्र सर्वांचे एकमत आहे.

तेव्हापासून देवीचे दर्शन झाले की नवे जोडपे नावेत बसणार आणि वर गेल्यावर नाव घेणार, असा रिवाजच पडला. लग्नाला दहा-वीस वर्षे झालेली जोडपीही लग्नाच्या वाढदिवसाला येऊ लागली. आम्ही त्यांपैकी होतो. माझी पत्नी भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची, शेतकऱ्याच्या घरातली. घरी ती मला 'अहो' म्हणे आणि मी तिला 'अगं'. आमच्या पिढीत एवढ्यावर संसार होत असे. माझे नाव ती वर्षातून एकदा, त्या नावेत घेई, आणि दर वर्षी उखाणा नवा असे. पुरुषांना सक्ती नव्हती. शिवाय मला झोके सोसत नाहीत. मी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसत असे. ती पहिली ओळ खाली असतानाच म्हणून टाकी आणि दुसरी ओळ वर गेल्यावर. "दुसरी ओळ वर गेल्याबिगर सुचतच न्हाई मला," असे तिचे म्हणणे होते.

रुग्णालयात शेवटच्या आठवड्यात तिने एके दुपारी पुढच्या वाढदिवसाची पहिली ओळ सांगितली.

"नाव चालली आभाळाला, खाली न्हाई पाणी."

"आणि पुढे?" मी विचारले.

"पुढचं नावेत. इथं बसून सुचत असतं काय?"

ती ओळ तेथेच राहिली. यमक मलाही कळते. पाणी या शब्दाला शंभर यमके आहेत. परंतु मी ग्रंथपाल म्हणून नोकरी केलेला माणूस आहे. दुसऱ्याने लिहिलेली पुस्तके मांडण्यात माझे आयुष्य गेले. गेले पाच महिने मी ती ओळ पूर्ण करण्याचा प्रयत्न करत होतो आणि एकही शब्द तिचा वाटत नव्हता. नाव एकदा वर जाईल तेव्हा सुचेल, असे मी स्वतःला बजावले होते. आता नावच बंद होत होती. म्हणून मी गेलो.

रविवारी सकाळी जालना बसस्थानकावरून अंबडची गाडी धरली. स्वतःचे वाहन असेल तर अंबडमार्गे वडीगोद्रीचा रस्ता उत्तम आहे. दीड तासाच्या आत निवांत पोहोचता येते. एसटीने जायचे तर थेट गाडीची वाट पाहण्यापेक्षा अंबडला उतरून दुसरी धरणे सोयीचे पडते. ज्येष्ठ नागरिकांना आणि महिलांना अर्धे तिकीट आहे. आम्ही नेहमी "दोन अर्धी" मागत असू. वाहकाने विचारले, "किती?" मी म्हणालो, "एक अर्धे." त्यांनी तिकीट फाडले. त्यांना त्यात लक्ष देण्यासारखे काही नव्हते.

शहर संपेपर्यंत उजवीकडे पोलाद कारखान्यांची धुराडी दिसत राहतात. त्यानंतर शेते लागतात. या दिवसांत ज्वारी कणसाला आलेली असते. वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या असतात आणि अंबड जवळ येऊ लागले की मोसंबीच्या बागा दाट होतात. माझ्या पुढच्या बाकावर दोन गृहस्थ पाटबंधाऱ्याच्या आवर्तनाविषयी वाद घालत होते. एक जण म्हणाला, "पाणी सुटलंय बराबर, पण आमच्या चारीला येईस्तोर ते थकून जातंय." दुसरा हसला. मी खिडकीकडे पाहिले.

अंबडला उतरून मत्स्योदरीच्या टेकडीच्या पायथ्याशी गेलो, पण वर चढलो नाही. प्रथम जाणाऱ्यांनी अवश्य चढावे. टेकडीचा आकार माशासारखा आहे आणि वरून गावाचा विस्तार चांगला दिसतो. पायथ्याशी नारळ विकणाऱ्या बाईंनी विचारले, "एकलेच आलेत व्हय, बाबा?" मी होय म्हणालो. त्यांनी नारळ पुढे केला आणि मी घेतला. त्याचे काय करायचे, हे मला ठाऊक नव्हते. दिवसभर तो पिशवीत राहिला.

वडीगोद्रीत महामार्गालगत दुकानांची लांब रांग आहे : टायरवाले, खतवाले, शीतपेयांची दुकाने आणि मधूनमधून हॉटेले. येथे तर्री पोहे चांगले मिळतात. मिरचीची भजीही मिळतात, पण प्रवासात ती टाळावीत. पोटात काही असावे म्हणून मी पोहे मागवले. शेजारच्या टेबलावर पाच-सहा तरुण एकाच रंगाचे सदरे घालून बसले होते. छातीवर नावेचे चित्र होते. हे नाववाले होते.

"मालकाला बोला की, वर्गणी काढतो. खर्चा किती येईल?" एक जण विचारत होता.

"तुझ्या बापाची मोसंबी विकली तरी न्हाई भागायचा. आस बदलायचा हाय, आस. ज्याच्यावर नाव झुलती तो."

"बंद करायचं तर ड्रॅगन गाडी करायची व्हती. तिच्यात कोण बसतंय?"

"तुझं पोरगं."

"ते बी रडतंय बसलं की."

सगळे हसले. मग त्यांच्यातला दाढीवाला तरुण म्हणाला, "माझं लगीन मे महिन्यात हाय. नाव मेपस्तोर तरी चालवायची ना. तिला म्हणलं व्हतं, तुला नावेत नाव घ्यायला लावतो." तो हसत नव्हता. बाकीच्यांनी चहा संपवला.

वडीगोद्रीपासून उद्यान पायी जाण्याच्या अंतरावर आहे, रिक्षाही मिळतात. सोबत पाण्याची बाटली ठेवावी, कारण आत नळ आहे पण त्याला पाणी असेल याची शाश्वती नाही. मी चालत गेलो. फाटकाबाहेर मालवाहू गाडी उभी होती आणि तिच्या टपावर गॅस कटरची टाकी बांधलेली होती. भंगारवाले सकाळीच आले होते, निरोप संपण्याची वाट पाहत होते.

फाटकाच्या आत पहिल्याच खांबाला मोठा फ्लेक्स लावला होता. मध्ये नावेचे छायाचित्र, त्याला छापील हार, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'शोकाकुल : समस्त नाववाले मित्रमंडळ' असे लिहून पंधरा-वीस चेहरे. डाव्या कोपऱ्यात पेटलेल्या समईचे चित्र होते. ती समई माझ्या ओळखीची होती. पाच महिन्यांपूर्वी जालन्याच्या छपाईवाल्याने मला तीन नमुने दाखवले होते. त्यांतला हा दुसरा. मी तोच निवडला होता, कारण त्यात गुलाबाच्या पाकळ्या नव्हत्या. नावेच्या फोटोच्या जागी तेव्हा दुसरा फोटो होता. त्या फ्लेक्ससमोर लोक एकेक करून स्वतःचे छायाचित्र काढत होते. एका मुलीने मला बाजूला होण्यास सांगितले. मी बाजूला झालो.

आत दोनशेच्या आसपास माणसे असावीत. त्यांत नवी जोडपी होती, म्हातारी जोडपी होती, कडेवर मुले घेतलेल्या बाया होत्या. काही बायांनी नावेच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळद-कुंकू लावले होते आणि खण-नारळाने तिची ओटी भरली होती. लोखंडावरचा निळा रंग उडालेल्या जागी कुंकू धरत नव्हते. ते पुन्हा पुन्हा बोटाने दाबून लावत होत्या.

"वत्सलाताई कुठं हायेत?"

मी वळून पाहिले. आष्टीच्या इंदूबाई होत्या, बांगड्यांचे दुकान चालवणाऱ्या. आमचा आणि त्यांचा वाढदिवस एकाच आठवड्यात येतो, म्हणून तीन-चार वर्षे आमची गाठ येथेच पडत होती. मागे त्यांचे यजमान गणपतराव दोन पिशव्या घेऊन उभे होते.

"ग्रुपवर ताईचं काई येऊन न्हाई राह्यलं," इंदूबाई म्हणाल्या. "मी म्हणलं रुसल्या का काय. त्यांच्या उखाण्याची मी वाट बघत असते. त्यांचं ऐकून पुढल्या वर्षी माझं बनवते."

तो गट ज्या फोनवर आहे, तो माझ्या खिशात होता. मी पाच महिने निरोप वाचत होतो आणि कोणाला काही कळवले नव्हते.

"त्या आता नाहीत," मी म्हणालो. "श्रावणात गेल्या."

इंदूबाईंनी नवऱ्याच्या हातातली एक पिशवी घेतली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "बसा, दादा," त्या म्हणाल्या. "उन्हात नका उभे राहू." गणपतरावांनी माझ्यासाठी एक खुर्ची आणली. ती लहान मुलांची खुर्ची होती. त्यावर मी बसलो.

थोड्या वेळाने व्यवस्थापक ध्वनिक्षेपक घेऊन पायऱ्यांवर चढले. जुन्या मालकांचे पुतणे, तिशीचे गृहस्थ. ते म्हणाले, "सगळ्यांना विनंती. नावेचा आस तपासला. त्याला चीर गेलेली हाय. मोटर चालू होणार न्हाई. बिलकुल न्हाई. शांततेत बसा, फोटो काढा आन् उतरा."

मला वाटते, जमलेल्यांपैकी कोणीही हे गृहीत धरले नव्हते. मीही नाही. बंद होणे म्हणजे एकदा चालून मग बंद होणे, अशी सर्वांची समजूत होती.

"मंग आमाला कामून बोलावलं?" कोणीतरी ओरडले.

"उभ्या नावेत बसायला आमी काय गणपती हाव का?"

"एक झोका. एकच. जबाबदारी आमची."

"तुमची जबाबदारी घेऊन मी जेलात जाऊ का?" व्यवस्थापक म्हणाले. "माझी बी आई ह्याच नावेत नाव घेऊन गेल्ती. मला काय हौस न्हाई आली."

दाढीवाला तरुण आणि त्याचे मित्र पुढे सरसावले. हाताने ढकलतो, असे ते म्हणाले. व्यवस्थापक नावेच्या आणि त्यांच्या मध्ये उभे राहिले. थोडी ढकलाढकली झाली, एकाचा सदरा उसवला. मग इंदूबाईंचा आवाज आला. "अरे, चीर गेलीय म्हणून राह्यले ना ते? तुझं लगीन मे महिन्यात हाय का न्हाई? मंग जिता राहा की." तो तरुण थांबला. त्याने नावेच्या अंगावर एकदा तळहात आपटला. आत पोकळ असल्यासारखा आवाज झाला. त्यानंतर तो फाटकाबाहेर निघून गेला आणि परत आला नाही.

शेवटी उभ्या नावेत बसायचे ठरले. एका वेळी जेवढे मावतील तेवढ्यांना चढू दिले. नवीनच अडचण निर्माण झाली. नाव वर जाऊन थांबते, तेव्हा नाव घ्यायचे असते. ती वर जाणारच नसेल तर केव्हा घ्यायचे? लोक बसून राहिले, एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा नाव चालवणाऱ्या जुन्या काकांनी खिशातून शिट्टी काढली. "मी वाजवतो," ते म्हणाले. "वाजली की वर गेलो असं समजा."

मी पाहत होतो. शिट्टी वाजे, कोणीतरी उभे राही आणि नाव घेई. सुरुवातीला बाया लाजत होत्या. नावेच्या वेगात जे ओरडता येते ते उन्हात स्थिर बसून म्हणणे कठीण असावे. पण हळूहळू सवय झाली. एक नवखी नवरी म्हणाली, "अंबडच्या डोंगरावर देवीचा थाट, संतोषरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट." संतोषराव तिच्या वाटेत नव्हते, शेजारीच बसले होते, सगळे हसले. एका प्रौढ गृहस्थांनी उठून म्हटले, "ठेचा झाला तिखट, पाणी झालं गार, सविताचं नाव घेतो, तिचाच सगळा कारभार." सविताबाईंनी त्यांना सदऱ्याला धरून खाली बसवले.

तिसऱ्या खेपेला इंदूबाई मला घेऊन चढल्या. मी नको म्हणत होतो. "चला दादा, जल्दी," त्या म्हणाल्या, "मागं लई लोक हायेत." नेहमीच्या सवयीने मी मधल्या रांगेत बसलो आणि दांडी दोन्ही हातांनी धरली. शेजारची जागा रिकामी राहिली. मागच्या रांगेत इंदूबाई आणि गणपतराव बसले.

शिट्टी वाजली. इंदूबाई उभ्या राहिल्या.

"मोसंबीला आलं फूल, सरकीला आलं बोंड, गणपतरावांचं नाव घेते, आधी पुसा म्हणावं तोंड."

गणपतरावांनी खरोखरच रुमालाने तोंड पुसले. टाळ्या पडल्या. मग पुन्हा शिट्टी वाजली आणि कोणी उठेना. काका माझ्याकडे पाहत होते. मी उभा राहिलो. नाव हलत नव्हती, तरी मला दांडी सोडता आली नाही.

"नाव चालली आभाळाला," मी म्हणालो, "खाली न्हाई पाणी."

'नाही' हा शब्द मी आयुष्यभर लिहितात तसाच उच्चारला आहे. ओळ तिची असल्याने मी तिच्या पद्धतीने म्हटली. लोक वाट पाहू लागले. मी वर पाहिले. जेथे नाव जाऊन थांबते त्या उंचीवर लोखंडी सांगाडा होता आणि त्याच्या पलीकडे कोरडे आकाश. मला काहीही सुचले नाही. मी ज्यासाठी आलो होतो ते घडणार नव्हते, हे मला त्या वेळी कळले. दुसरी ओळ कोठेही दडलेली नव्हती. तिलाही ती अजून सुचायची होती.

"मंग? पुढं?" मागून कोणी विचारले.

"पुढचे मला माहीत नाही," मी म्हणालो.

"सोपं हाय की," गणपतराव मदतीला धावले. "काहीतरी म्हणा अन् शेवटी, माझ्या घरची राणी."

"नाही," मी म्हणालो. "राणी हे यमक तिला आवडत नसे. ती म्हणे, ज्यांना काही सुचत नाही ते राणी आणतात."

गणपतराव खजील झाले. दुसऱ्या बाजूने कोणीतरी 'कहाणी' सुचवले, कोणी 'गाणी'. सगळे मनापासून मदत करत होते. मला खाली बसावेसे वाटत होते.

"गप ऱ्हावा सगळे," इंदूबाई म्हणाल्या. "ती ताईची ओळ हाय. तुमच्या बापाची न्हाई." मग त्या हळू आवाजात मला म्हणाल्या, "दादा, उखाणा जाऊ द्या. नुस्तं नाव घ्या. पाटीवर बी तेवढंच लिहिलंय."

मी पाटीकडे पाहिले. तेवढेच लिहिले होते.

"वत्सला," मी म्हणालो.

माझा आवाज मला ओळखू आला नाही. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे लोकांना कळले नाही. काहींनी वाजवल्या, काहींनी नाही. काकांनी शिट्टी तोंडाला लावली होती, ती न वाजवता खिशात ठेवली. मी खाली बसलो. मग मागच्या टोकाच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि त्यांनी कोणा पांडुरंगरावांचे नाव घेतले. निरोप पुढे चालू राहिला.

दुपारी भंगारवाल्यांनी फाटकातून गाडी आत आणली. कापताना पाहायला बहुतेक लोक थांबले नाहीत. मी थोडा वेळ थांबलो. प्रथम त्यांनी बाके सोडवली, मग पायऱ्या. निळी पाटी इंदूबाईंनी मागितली होती, पण व्यवस्थापक म्हणाले की ती त्यांची आई घेऊन गेली. गणपतरावांनी गाडीवाल्याला विचारले की हे लोखंड कोठे जाणार.

"जालन्याला. भट्टीत. सळई व्हणार त्याची."

"तुमच्याच गावाला चालली की," गणपतराव मला म्हणाले. इंदूबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि ते पिशव्या उचलू लागले.

निघताना इंदूबाईंनी सांगितले की आष्टीला कधी आलात तर दुकानावर या. "ताईच्या मापाच्या बांगड्या काढून ठेवल्या व्हत्या मी," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाच ते बोलायला नको होते असे वाटले असावे. पिशवीतला नारळ मी त्यांना दिला.

परतीच्या गाडीत गर्दी होती. अंबडपर्यंत उभे राहावे लागले. जालना जवळ आले तेव्हा पोलाद कारखान्यांची धुराडी पुन्हा दिसू लागली, या वेळी डाव्या बाजूला. धूर सरळ वर जात होता.

या ब्लॉगवरच्या लेखांच्या शेवटी मी नेहमी सांगतो की अमुक ठिकाणी कोणत्या महिन्यात जावे आणि किती वेळ ठेवावा. या वेळी तसे काही सांगण्यासारखे नाही. अंबडची टेकडी पाहावी. वडीगोद्रीला तर्री पोहे खावेत. जवळच उद्यान आहे, पण आता तेथे थांबण्याचे कारण उरलेले नाही. ड्रॅगन गाडी अजून चालते असे समजते.

काय राहिले, असे स्वतःला विचारले तर एक ओळ राहिली, अर्धी. तिला यमक शोधणे मी सोडले आहे.

सोमवारी मी पुन्हा तहसील कार्यालयात गेलो. खिडकीवर त्याच बाई होत्या. मी पत्रिका आणि दाखला दोन्ही आत सरकवले.

"यातलं कुणाचं कमी करायचं?"

"वत्सला," मी म्हणालो.

त्यांनी संगणकावर बोटे ठेवली. "पूर्ण नाव सांगा, काका."

"वत्सला माधव काळे."

त्यांनी ते टंकलिखित केले, दाखल्यावरील अक्षरांशी ताडून पाहिले आणि एक कळ दाबली. "झालं," त्या म्हणाल्या. पत्रिकेवर त्यांनी पट्टी ठेवून शाईने एक सरळ रेघ ओढली.

माधव हे माझे नाव आहे. बायकोच्या पूर्ण नावात ते मध्ये येते. रेघ त्याच्यावरूनही गेली.